मिठाच्या पाण्यातला फासा

पिस्टन पिन हातात धरून मोजायची नसते. तळहाताच्या उबेने ती दोन-तीन मायक्रॉन फुगते आणि चांगला माल नापास होतो.

*

कारंज्याच्या सेतू केंद्राचं शटर रविवारी गुडघ्याएवढंच वर असतं.

*

नियम सात : फासा पडला की माणसाने गप्प बसायचं.

*

‘उंबऱ्यावर बसलेय. घरी पाहुणे आहेत, चार दिवस लिहिणं होणार नाही. माझ्या वाटणीचा कंदील कुणीतरी धरा.’

*

हिरवा, आरपार दिसणारा, वीस बाजूंचा. बाराजवळचा कोपरा कुत्र्याने चावलेला.

*

मिरजेतल्या एका माणसाने एकच पुस्तक तीनदा बांधून घेतलंय. तिसऱ्या वेळी रेक्झिनमध्ये.

*

फेब्रुवारीतला रविवार, दुपारचे साडेतीन. आमचा मिठाचा तांडा दरीवरच्या दोरांच्या पुलावर अडकला होता. फिलूताईंची तारूबाई पुलाच्या मधोमध, सुटत चाललेल्या गाठीपाशी ओणवी. मी म्हटलं, टाका फासा.

वसईहून लाकडावर प्लॅस्टिक घरंगळल्याचा आवाज आला. मग फिलूताई शांतपणे म्हणाल्या, ‘‘चार.’’

चार म्हणजे गेलंच. गाठ सुटली, पुलाची एक बाजू खाली लटकली, मिठाची पोती घसरू लागली. आता जवळ होता फक्त खोजी. खोजी म्हणजे गौतम, आणि गौतम अशा वेळी काय करतो ते आम्हाला पाठ होतं. ‘मी मागे थांबतो,’ असं म्हणतो. दोन वर्षं तो हेच म्हणत आला होता.

‘‘मी,’’ गौतम म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. ‘‘मी दोर दातात धरतो.’’

‘‘दातात?’’ इरफानने विचारलं.

‘‘हात रिकामे नाहीत ना. हातात कंदील आहे.’’

त्याच्यासाठी पडद्यावर फासा फिरला. अठरा. पूल टिकला, पोती टिकली, आणि कारंज्याहून गौतमच्या श्वासाचा आवाज आला, जिना चढून आल्यासारखा.

*

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना एवढं कळलं तरी पुरे. चार-पाच जण मिळून एक गोष्ट रचतात. प्रत्येकाचं एक पात्र. एकजण जग उभं करतो, त्याला सूत्रधार म्हणायचं. पात्राने काही अवघड करायला घेतलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा पुरेसा मोठा आला तर जमलं, नाहीतर फसलं. पूर्वी हे एका टेबलाभोवती बसून चालायचं. आम्ही चौघं चार गावांतून, इंटरनेटवरून खेळायचो. मी, शलाका ढमाले, शिरवळच्या कारखान्यात मालाची तपासणी करणारी, सूत्रधार. इरफान मुजावर मिरजेचा, आयटीआयमध्ये शिकवणारा. गौतम तायडे कारंज्याचा, सेतू केंद्रात लोकांना दाखले छापून देणारा. आणि फिलोमिना डाबरे, वसईजवळच्या निर्मळच्या, टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेल्या. त्या आमच्यात नव्या होत्या.

आमच्या अड्ड्याचं नाव ‘पोलादी कवडी’. कवडीवर आवाजात खेळायचं. एकमेकांचं बोलणं तोडायचं, टोमणे मारायचे, नियमपुस्तकातलं पान तोंडावर फेकायचं. भांडण झालं तर सगळ्यांदेखत, पाच मिनिटांत, आणि संपलं. पात्र मेलं की मेलं; यादीत नावापुढे फुली, बाईमाणूस म्हणून की नवखा म्हणून सूट नाही. फासा टाकायचा तो बॉटने, म्हणजे एका छोट्या प्रोग्रामने, सगळ्यांच्या पडद्यावर एकदम. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची वेळच यायला नको, हा कवडीचा पाया. सहा वाजले की सगळे तटातट निघून जायचे. सात वर्षं मी तिथे होते आणि इरफानला मुलं किती हे मला माहीत नव्हतं.

‘ओसरी’ वेगळी. ती एक जुनी लेखी साइट. दिवसातून एकदा यायचं, आपल्या पात्राचा परिच्छेद लिहायचा आणि शेवटचं वाक्य उघडं ठेवायचं, म्हणजे दुसऱ्याला पाय ठेवायला जागा. कुणी दोन दिवस दिसलं नाही तर चौकशी. यायचं नसेल तर ‘उंबऱ्यावर बसलोय’ म्हणून निरोप. एखादं पात्र मेलं की सगळे त्याची एकेक आठवण लिहीत. पंधरा-पंधरा दिवस सुतक चाले. फासा ज्याचा त्याने घरी टाकायचा आणि आकडा लिहायचा. अकरा वर्षं तिथे एकदाही भांडण झालं नव्हतं. मात्र दोन माणसं सहा वर्षं एकमेकांच्या परिच्छेदाला टेकून लिहीत नव्हती, अगदी नम्रपणे, आणि का ते कुणाला ठाऊक नव्हतं. तेही ओसरीवरच शक्य.

त्या जानेवारीत ओसरीची साइट बंद झाली. चालवणाऱ्याचं वय झालं होतं. एक्केचाळीस माणसं आणि अकरा वर्षांची एक लांबलचक गोष्ट रस्त्यावर आली, आणि त्यांनी कवडीकडे जागा मागितली. गोष्ट पानापानाने आमच्याकडे उतरवून घ्यायची, एक दालन त्यांना द्यायचं, आणि हळूहळू त्यांनी आमच्या टेबलांवर बसायचं. त्यांची अट एकच : फासा आपापलाच टाकू.

कवडीवर सवलत मागणाऱ्याला जामीन लागतो. सवलतीचा गैरवापर झाला तर दोघंही बाहेर. इथे सवलत सगळ्यांना मिळून होती, म्हणून एकानेही आकडा खोटा सांगितला तर पूर्ण दालन बंद. मी जामीन राहिले. त्यांची पानं वाचली होती म्हणून राहिले. कंदील धरा म्हणणारी माणसं लबाडी करणार नाहीत, इतकं मला कळत होतं. असं मला वाटत होतं.

*

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, इरफानचा फोन आला. तो मला मॅडम म्हणायचा, आणि ते कधीच आदराने नसायचं.

‘‘मॅडम, तुमच्या बाईंचे आकडे बघितलासा काय?’’

त्याने सात रविवारांचे सगळे फासे लिहून ठेवले होते. फिलूताईंचे त्रेसष्ट. सोळा किंवा वर यायला हवे होते पंधरा-सोळा वेळा. आले होते तीन.

मी म्हटलं, कमीच येताहेत ना, जास्त आले असते तर गोष्ट वेगळी. त्यांचंच नुकसान होतंय.

‘‘कमी-जास्तीचा प्रश्नच न्हाई ओ. माझ्याकडं एखादा व्हर्नियर दर वेळी कमी दाखवाय लागला, तर चांगला हाय म्हणून कपाटात ठेवू काय? रविवारी दोन महिने भरतात. सवलत पुढं चालवायची का न्हाई ते ठरवायचं हाय. तोवर काय ते बघा.’’

मला हायसं वाटलं. माप चुकलं की आधी साधन तपासायचं, हे तर माझं रोजचं काम. तो कोपरा चावलेला फासा मी पाहिला होता. एका बाजूने हलका झाला असणार, त्याला त्या बिचाऱ्या काय करणार?

फाशाची तपासणी सोपी आहे. ग्लासात कोमट पाणी घ्यायचं आणि फासा तरंगेपर्यंत मीठ विरघळवत राहायचं. मग टिचकी मारून फिरवायचा. एखादी बाजू जड असेल तर तीच दर वेळी खाली जाते आणि समोरचा एकच आकडा पुन्हा पुन्हा वर येतो.

कामावरून सुटल्यावर, सहाच्या सुमारास, मी फिलूताईंना व्हिडिओवर घेतलं. त्यांनी ग्लास फोनसमोर ठेवला. मीठ किती घालावं लागतं हे बघून त्या म्हणाल्या की एवढ्यात आठ दिवसांचं सार झालं असतं. फासा वर आला. त्यांनी टिचकी मारली. मी लिहून घेत गेले. चौदा. दोन. नऊ. वीस. नऊ. सहा. सतरा. तीस वेळा.

फासा चोख होता. कुत्र्याने चावूनही चोख.

फिलूताईंनी तो चमच्याने बाहेर काढला आणि रुमालाने पुसला.

‘‘फाशात काही नाही, बाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी कमी सांगते.’’

मला वाटलं नेटवर्क गेलं आणि मधलं वाक्य राहिलं. तसं काही नव्हतं. एखादी पाककृती सांगावी तसं त्यांनी मला सगळं सांगितलं. आकडा चांगला आलाय, पण शेजारी कुणीतरी कधीचं गप्प बसलंय, किंवा कुणी नवं आहे, किंवा त्या जागी दुसऱ्याचं पात्र शोभेल असं दिसतंय, तर आपला आकडा कमी सांगायचा. आपण पडायचं म्हणजे त्याला उठावं लागतं. ओसरीवर याला खाली घेणं म्हणत. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. फक्त आपल्या वहीत दोन रकाने करायचे, आला आणि सांगितला.

‘‘वही कशाला मग?’’

‘‘लिहून नाही ठेवलं तर आपण किती दिलं ते मनात वाढतच जातं गं. वहीत बघितलं की कळतं, फार नाही दिलेलं.’’

मी विचारलं, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जण हे करतात? त्या म्हणाल्या, छे, देसाई गुरुजी कधीच घेत नाहीत. त्यांना जिंकायला आवडतं. असू दे, एकेकाचा स्वभाव.

‘‘फिलूताई, आमच्याकडे याला खोटं बोलणं म्हणतात.’’

‘‘तुमच्याकडे एकमेकांचं बोलणं तोडतात, त्याला काय म्हणतात?’’

‘‘खेळणं,’’ मी म्हटलं.

त्या खूप हसल्या. मला हसू आलं नाही. मी त्यांना सांगितलं की रविवारी काय होईल. दालन बंद. त्यांची गोष्ट निम्मीच उतरवून झाली होती, उरलेली पानं कुठे जातील कुणास ठाऊक. मीही बाहेर जाणार होते हे मी सांगितलं नाही, तरी त्यांनी ते विचारलंच, आणि मी म्हटलं, त्याचं काही नाही. त्याचं बरंच काही होतं. शिरवळला मला ओळखणारी माणसं म्हणजे खाणावळवाली आणि वॉचमन. रविवारची दुपार सोडली तर आठवड्यात माझ्याशी मायक्रॉन सोडून कुणी बोलत नसे.

मग मी ते म्हटलं. म्हटलं, आपण फासा खराब होता असं सांगू. कोपरा चावलेला आहेच. तुम्ही नवा आणा, विषय संपला. माझ्या कागदावर कोण शंका घेणार, माझा धंदाच तो आहे.

त्यांनी मिठाचा ग्लास फोनसमोरून बाजूला केला.

‘‘चौतीस वर्षं मी लोकांची बोलणी जोडून दिली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एकही ऐकलं नाही. ऐकलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण मी ऐकलं नाही. तू आता माझ्यासाठी खोटा कागद करायचा नाहीस. मी काही चोरलेलं नाही. मी सांगते रविवारी.’’

*

त्यांनी सांगितलं. तीन वाजून दोन मिनिटांनी, खेळ सुरू व्हायच्या आधी, एक्सचेंजच्या त्या स्वच्छ आवाजात. वहीतल्या पानाचा फोटोही टाकला.

आला — सांगितला
१७ — ४
१२ — १२
१९ — ६
३ — ३
१६ — ८

इरफानने पान उलटल्याचा आवाज आला. सवलतीच्या गैरवापराचा नियम एकतीस त्याला तोंडपाठ होता, तरी तो पुस्तक उघडायचाच. त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता हे मला आठवतं. तो नियम वाचायला लागणार, एवढ्यात गौतम बोलला.

‘‘पुलावर किती आला होता?’’

‘‘सतरा,’’ फिलूताई म्हणाल्या.

‘‘म्हणजे गाठ बसली असती.’’

‘‘हो.’’

‘‘आणि विहिरीपाशी? मी उतरलो होतो ते.’’

‘‘एकोणीस. सहा सांगितला.’’

‘‘दरोडेखोर आले तेव्हा?’’

‘‘तीन. तो खरा तीन होता बाबा. तेव्हा मी खरंच मेले असते.’’

कुणी हसलं नाही. मी त्या सात रविवारांचा विचार करत होते. गौतम त्या दिवसांत बदलला होता. आधी तीन तासांत दहा-अकरा वाक्यं बोलायचा. आता मधेच इरफानचं बोलणं तोडायचा. एका रविवारी तर त्याने इरफानला पान चुकल्याचं दाखवलं होतं, आणि ते खरंच चुकलं होतं.

‘‘म्हणजे ते माझं काहीच नव्हतं,’’ गौतम म्हणाला.

‘‘अरे शहाण्या,’’ इरफान म्हणाला, ‘‘तुझा फासा बॉटनं टाकला. अठरा सगळ्यांनी बघितला. जागा ताईंनी दिली आसंल, दोर तूच धरलास की.’’

इरफानने कुणाची समजूत काढलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण गौतमला ती पटली नाही.

‘‘तुम्ही दिलं ते चांगलंच दिलं, ताई,’’ तो म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता, आणि तो घरच्या बोलीत गेला होता. ‘‘पण मले विचाराचं होतं. मले नाही म्हणता आलं नसतं का?’’

ओसरीवर अकरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारू शकलंच नव्हतं, कारण कुणाला कळतच नसे. गौतमच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला.

बराच वेळ इरफानकडून नुसती पानांची सळसळ येत राहिली. मग तो म्हणाला, नियम बत्तीस : जामिनाला म्हणणं मांडायला आठ दिवस मिळतात. या नियमाचा वापर कवडीवर कधी कुणी केलेला नव्हता. मी तर तो वाचलाही नव्हता.

*

त्या आठवड्यात दोन्हीकडची माणसं आपापल्या स्वभावाला जागली.

कवडीवाले भांडले. सोमवारपासून बुधवारपर्यंत तीनशेवर निरोप पडले. कुणी म्हणालं, हरण्यासाठी लबाडी करणारा माणूस पहिल्यांदा बघतोय. कुणी म्हणालं, कमी सांगितलेला आकडाही खोटाच, उद्या हेच लोक जास्त सांगतील. एकाने मला ‘मायक्रॉनवाली, एवढा फरक दिसला नाही?’ असं विचारलं, आणि ते रास्त होतं. बुधवारी संध्याकाळी सगळे दमले आणि थांबले.

ओसरीवाल्यांनी एक शब्द लिहिला नाही. त्यांनी वह्या टाकल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. मंगळवारी सकाळी एक, दुपारी चार, मग येतच राहिल्या. शाळेच्या वह्या, डायऱ्या, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, एकाच्या तर दुधाच्या कार्डाच्या मागे. आला, सांगितला. आला, सांगितला. कुणासाठी ते कुठेच नव्हतं. गुरुवारपर्यंत अडतीस वह्या आल्या. देसाई गुरुजींनीही आपली टाकली. दोन्ही रकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखे.

मी म्हणणं लिहायला बसायचे आणि तीन ओळींवर अडायचे. गुरुवारी संध्याकाळी इरफानचा फोन आला.

‘‘सव्विसावी वही बघितलीसा?’’ त्याने विचारलं. ‘‘लातूरचा माणूस हाय. वीस आलाय. पाच वर्षांत पहिल्यांदा वीस आलाय त्याला, पुढं बारीक चांदणी काढलीय. आणि नऊ सांगितलाय.’’

‘‘पाहिली.’’

‘‘वीस आला आणि सांगितला न्हाई. कसं जमत आसंल ओ?’’

त्याला उत्तर नको होतं. त्याने फोन ठेवला.

*

पुढच्या रविवारी तीन वाजता आम्ही तिघं होतो. मी चौथ्याच्या नावाकडे बघत होते. तीन पाचला तिथे ठिपका हिरवा झाला.

गौतमने नमस्कार वगैरे काही केलं नाही. म्हणाला, आधी खेळू, निकाल मग लावा. सुनावणी आधी की खेळ आधी, हे नियमात नाही, तो पाहून आला होता. इरफानने पुस्तक चाळलं आणि ते खरं असल्याचं मान्य केलं. फिलूताई म्हणाल्या, आज त्या बॉटवरच टाकतील. कसं टाकायचं ते मी त्यांना दाखवलं. त्यांनी ते टेलिफोन बोर्डाच्या खुंट्यांसारखं पटकन उचललं.

तांडा नदीवर पोहोचला होता. पाणी चढलेलं, होडी एकच, मिठाची अकरा पोती. पलीकडे ज्या गावाला मीठ न्यायचं ते दिसत होतं. होडीला धारेतून काढायला कुणीतरी पाण्यात उतरणं भाग होतं. खोजी म्हणाला, मी उतरतो. आता तो असंच म्हणायचा.

फासा फिरला. एकोणीस. चौघांच्या पडद्यावर, चार गावांत.

मी होडी पार झाल्याचं सांगायला तोंड उघडलं.

‘‘थांबा,’’ गौतम म्हणाला. ‘‘एकोणीस आला. सगळ्यांनी पाहिला. मी तो खाली घेतो. खोजीचा पाय घसरला. तारूबाई जन्माची नावाडीण आहे, आणि दोन महिने झाले तिने एक होडी वल्हवली नाही.’’ मग जरा थांबून, ‘‘ताई, तुम्हाले नको असंल तर नाही म्हणा.’’

फिलूताईंच्या बाजूला कुठेतरी दूर कोंबडा ओरडला, भर दुपारी. मला वाटलं त्या रडताहेत. नंतर त्यांनी सांगितलं की त्या खरंच विचार करत होत्या, कारण हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

‘‘हो म्हणते,’’ त्या म्हणाल्या.

‘‘थांबा, थांबा,’’ इरफान म्हणाला.

पानं उलटू लागली. चार मिनिटं. मी घड्याळ पाहत होते. रेक्झिनच्या पुठ्ठ्याचा कर्रकर्र आवाज, मधेच त्याचं स्वतःशी पुटपुटणं. आकडा लपवायचा न्हाई. लपवला न्हाई. आकडा बदलायचा न्हाई. आता बदलला काय? न्हाई, एकोणीसच हाय की. त्यानं नुसता घेतला न्हाई. पुन्हा पानं. मग पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

‘‘आलेला घ्यायलाच पायजे आसं कुठं लिहिलेलं न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘टाका, ताई.’’

फिलूताईंनी टाकला.

दोन.

होडी उलटली. अकराच्या अकरा पोती नदीत गेली. मीठ, महिनाभराची वाट, पूल, विहीर, सगळं विरघळलं. तारूबाई वल्ह्याला धरून गटांगळ्या खात होती, आणि किनाऱ्यावर मुद्दाम पडलेला खोजी तिच्याकडे बघत होता.

आधी इरफान हसला. मग फिलूताई. आणि मग एक कोरडा, उचकीसारखा आवाज आला. तो कुणाचा हे कळायला मला क्षणभर लागलं. दोन वर्षांत गौतम हसलेला मी ऐकलाच नव्हता.

*

दालन राहिलं. घरचे फासे गेले. ओसरीवालेही आता बॉटवर टाकतात. कवडीच्या पडद्यावर आकड्याशेजारी दुसरा एक रकाना आला, ‘घेतला’ असा. नियम तेहतीस इरफानने लिहिला : ‘आलेला आकडा सगळ्यांना दिसावा. मग हवा तर सोडावा. ज्याच्यासाठी सोडायचा त्याला आधी विचारावं.’

सगळ्यांनाच हे पटलं असं नाही. ओसरीतले नऊ जण निघून गेले. दिसलेलं देणं हे देणं राहत नाही, असं त्यांनी अत्यंत नम्रपणे लिहिलं. फिलूताई म्हणाल्या, त्यांचंही बरोबर आहे. कवडीतल्याही तिघांनी रामराम केला, ते मात्र शिव्या देऊन.

फासा खराब होता असा कागद करायला मी निघाले होते, हे मी त्या रविवारी निकालाआधीच सांगून टाकलं. तीन महिने मला सूत्रधार होता येणार नाही असं ठरलं. तेवढे दिवस इरफानने खेळ चालवला. त्याच्या हाताखाली आमची चार पात्रं मेली, आणि चारही वेळा त्याने आठ-आठ दिवस खेळ बंद ठेवून आम्हाला त्यांच्या आठवणी लिहायला लावल्या. त्याला दोन मुली आहेत. मोठी आता अभियांत्रिकीला आहे.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. मी शिरवळ सोडलं. गौतम आता स्वतः दोन टेबलं चालवतो, आणि त्याच्या टेबलावर बोलायची पाळी मिळवायला भांडावं लागतं. फिलूताईंना तो मागच्या वर्षी निर्मळला जाऊन भेटून आला. तिथे त्यांनी त्याला सुरण दिला, पाच किलोचा, आणि हवाय का असं आधी विचारलं. परतीच्या गाडीतून त्याने मला फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता एक गोष्ट सांगितली.

फिलूताई आमच्या टेबलावर पहिल्यांदा बसल्या त्याच्या आदल्या शुक्रवारी, कवडी सोडत असल्याचा तीन ओळींचा निरोप त्याने लिहून ठेवला होता. रविवारचा एक खेळ, तो पुलावरचा, झाला की तो पाठवणार होता.